कळकलेली आमटी

डायलिसिसचं नाव काढलं की लोक सुईबद्दल विचारतात. किती जाड असते, दुखतं का, चार तास पडून काय करता. तोंडाबद्दल आजवर कोणी विचारलेलं नाही. मला सुईचा कधी राग आला नाही. मी चिडलो ते जिभेवर.

आठवड्यातून तीन दुपारी वेस्ट मांबलमहून ऑटो करून मी आणि बायको अण्णा नगरच्या डायलिसिस सेंटरला जायचो. मशीन सुरू झालं की थोड्याच वेळात जिभेवर जुनं नाणं ठेवल्यासारखं वाटायचं. शेवटी नळीतलं रक्त परत आत सोडताना सलाइन देत, तेव्हा मिठाचं पाणी घशात ओतल्यासारखं व्हायचं, आणि तोंडातून तर एक थेंब गेलेला नसायचा. मधे दोन दिवसांची सुट्टी पडली की श्वासालाच नवसागराचा वास यायचा. गुळणी करावी तर दिवसाचं पाणी लोट्यात मोजून दिलेलं. चेन्नईच्या मे महिन्यात तो लोटा बघूनच संताप यायचा.

तंत्रज्ञाला सांगितलं. तो पट्टी बांधता बांधता म्हणाला, "अप्पडित्तान् इरुक्कुम्, सार." म्हणजे ते तसंच असणार. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, युरियामुळे होतं, आणि पुढच्या पेशंटकडे वळले. युरिया म्हटलं की मला खताचं पोतं दिसायचं. मनात यायचं, हे दोघं एक दिवस माझ्या तोंडाने जेवून बघोत, मग सांगोत काय कसं असणार ते.

आता जिभेचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. आमच्या घरात होतं. बायको रोज देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणाला जेवू देत नाही, आणि नैवेद्याचं अन्न चाखायचं नसतं. त्यामुळे लग्न झाल्यापासून ती एकही पदार्थ चाखून बघत नाही. मीठ, तिखट, गूळ, सगळं हाताच्या अंदाजाने. नैवेद्य झाला की पहिलं पान माझं. मी पहिला घास घेईपर्यंत ती डाव हातात धरून उभी राहायची आणि विचारायची, "बघा हो, मीठ बरोबर आहे ना?" मी "बरोबर" म्हटलं की मग ती स्वतःचं पान घ्यायची. एकतीस वर्षं हे चाललं. ऑफिसात माझ्या शेऱ्याला कोणी भीक घालत नसे, पण घरी तो चालायचा. मला त्याचा गर्वही होता, कबूल करतो.

तर त्या उन्हाळ्यात मी पहिला घास घेतला आणि म्हणालो, "आमटी कळकली आहे."

पितळी भांड्याची कल्हई गेली आणि त्यात आंबट काही राहिलं की त्याला जी तुरट, धातूची चव येते, तिला आम्ही कळकणं म्हणतो. ती चव लहानपणापासून ओळखीची, त्यामुळे मला दुसरं काही सुचलंच नाही. आधी मी संशय पाण्यावर घेतला होता, कारण त्या वर्षी गल्लीत टँकरचं पाणी यायचं. पण पिण्याचे कॅन आणले तरी फरक पडेना. मग नजर गेली पातेल्यावर. बायकोच्या माहेरचं पितळी पातेलं, त्यातच आमची आमटी व्हायची.

"कल्हई नीट आहे," ती म्हणाली. "दिवाळीआधीच केली होती."

"मग माझी जीभ खोटं बोलते का?"

माझी जीभ खोटं बोलू शकते, हे त्या घरात कोणाच्या मनात येणं शक्य नव्हतं, माझ्या तर नाहीच.

पुढच्या आठवड्यात "पात्तिरत्तुक्कु ईयम् पूसरदु" असं ओरडत कल्हईवाला गल्लीत आला. मी बाल्कनीतून हाक मारून त्याला थांबवलं आणि पट्टी बांधलेल्या हाताने पातेलं घेऊन खाली गेलो. त्याने भाता चालवला, भांडं तापवलं, नवसागर टाकला. पांढरा धूर नाकात शिरला आणि मी चमकलो. माझ्या तोंडात दिवसरात्र होता तो हाच वास. शहाण्या माणसाला त्यावरून काही वेगळं सुचलं असतं. मी बायकोला वर ओरडून सांगितलं, "बघ, ही भांड्याचीच भानगड."

नव्या चकचकीत कल्हईत केलेली आमटीही कळकलेली निघाली. मग बायकोने पातेलं माळ्यावर टाकलं आणि स्टीलचं काढलं. त्यातली आमटीही कळकलेली. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी आयुष्यभर ऑफिसातल्या लोकांना ऐकवली, पण घरी अंगणं बदलत राहिलो. अंगणं संपली तेव्हा बायकोवर उतरलो. तुझा मसाला जुना आहे, फोडणी जळते, तुझं लक्ष नसतं. खरा राग त्या तंत्रज्ञावर, डॉक्टरवर, मोजक्या पाण्यावर, पण वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं. एकदा मी ताट सरकवून उठलो, तेव्हा तिने माझं उष्टं पान स्वतःकडे ओढलं आणि त्यातलंच जेवली.

जेवण माझ्यासाठी नाइलाजाने बदललेलंच होतं. मीठ नावापुरतं, चिंच बंद, गूळ बंद, भाज्या दोनदा उकडून पाणी फेकलेलं. दोन स्वयंपाक करायला ती तयार नव्हती. तुम्ही जेवाल तेच मी जेवेन, म्हणायची. माझी कुरकुर वाढली तशी ती आमटीत चिमूट चिमूट साखर वाढवत गेली, मग गोडा मसाला, मग लिंबू. मी कधी "आज जरा बरं" म्हटलं की दुसऱ्या दिवशी तेच जास्त. मला यातलं काही कळत नव्हतं, सगळं सारखंच लोखंडी लागत होतं. "आज जरा बरं" हे मी कधीकधी तिचं तोंड बंद करायला म्हणायचो.

दिवाळीनंतर मुलगी पुण्याहून आठ दिवस राहायला आली. पहिल्या दिवशी जेवायला बसली, आमटीभाताचा घास घेतला आणि तो तोंडात तसाच धरून बसली. मग कसाबसा गिळला.

"आई, हे काय आहे?"

"आमटी. का गं?"

"आमटी नाही ही. साखर किती घातलीस? आणि एवढा मसाला? बाबा, तुम्ही रोज हे खाता?"

मी बायकोकडे पाहिलं. ती जेवायची थांबली नव्हती. मुलीने विचारलं, "तुला कळत नाही का, आई? तूही हेच जेवतेस ना?"

"कळायचं सुरुवातीला," ती शांतपणे म्हणाली. "पण हे म्हणायचे आज बरी आहे. म्हटलं, माझ्याच तोंडाला काही झालं असेल."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मुलीसमोर मी कबूल केलं की दोष जिभेचा आहे, माझ्या, डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मुलगी मला बरंच बोलली. बायकोने तिलाच गप्प केलं, आजारी माणसाला बोलू नये म्हणून. ते मला अधिकच झोंबलं.

मुलगी गेल्यावर दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाला आणि बायकोने माझं पान वाढायला घेतलं. मी ताट बाजूला केलं. म्हटलं, "आजपासून पहिला घास तुझा. मीठ, साखर, काय हवं नको ते तू सांगायचं. मी ऐकेन."

तिला ते पटलं नाही. बराच वाद घालून ती बसली. वाटीत थोडी आमटी घेतली, चाखली, पुन्हा चाखली.

"कशी आहे?" मी विचारलं.

तिने तिसऱ्यांदा चाखलं.

"गोड झाली आहे का? अळणी आहे? काहीतरी सांग."

"नाही हो कळत," ती म्हणाली, आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. "तुम्हीच सांगा ना."