नळी घालायच्या आधी

गदगमध्ये नीलांबिका बेल्लद हे नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. सर्जन तिला मॅडम म्हणायचे, सिस्टर आपसांत 'झोपेची डॉक्टरीण' म्हणायच्या, आणि ज्यांना ती झोपवायची ते काहीच म्हणायचे नाहीत. ते धड शुद्धीवर येईपर्यंत तिची स्कूटी पुढच्या नर्सिंग होमच्या दारात लागलेली असायची. अठ्ठावीस वर्षं हेच चाललं होतं.

गुंगीची सुई टोचली की डोळे जड होईपर्यंत माणसं भारी लाघवी होतात. "अक्का, पोरीच्या लग्नाला यायचंच हं!" "अव्वा, पंचमीला आमच्याकडे लाडू खायला या, नाही आलात तर बोलणार नाही." पण त्या औषधाची खोडच अशी, की टोचल्यानंतरचं काही सहसा लक्षात राहत नाही. आमंत्रण देणारा विसरायचा. नीलांबिका ते आठवत घरी जायची आणि कुलूप उघडायची. तीन वर्षांपूर्वी आई गेल्यापासून आतून कडी काढायला कोणी नव्हतं.

त्या सोमवारी पहिलं ऑपरेशन चेन्नव्वाचं होतं. पित्ताशयातले खडे. बेटगेरीतली विणकर बाई, वय चौसष्ट, दहा वर्षांपासून ब्लडप्रेशर. टेबलावर ती छताच्या दिव्याकडे बघत पडली होती. दंडावरचा पट्टा फुगला, सैल पडला.

"दोनशे चार, खाली एकशे सोळा," फिलोमिना सिस्टर म्हणाली. "परत घेऊ?"

"घे."

दोनशे आठ.

"अव्वा, सकाळची प्रेशरची गोळी घेतली?" नीलांबिकानं वाकून विचारलं. टोपी आणि मास्कमधून तिचे फक्त डोळे दिसत होते.

"घेतली की."

"नक्की?"

"घेतली म्हणते ना! खोटं कशाला बोलू?"

हात धुऊन डॉ. कट्टी आत आले. ते दर सोमवारी हुबळीहून यायचे आणि आल्या क्षणापासून परत जायच्या घाईत असायचे. "झोपवलं नाही अजून? मॅडम, तुमच्या हातात पेशंट झोपायच्या आधी मला झोप येते!"

"प्रेशर बघा."

"घाबरलीय हो म्हातारी. तुम्ही झोपवा, आपोआप उतरेल."

"झोपवल्यावर उतरेल. नळी घालताना काय होईल?"

काय होतं ते कट्टींनाही माहीत होतं. झोपलेल्या माणसाचा श्वास चालू ठेवायला श्वासनलिकेत नळी घालावी लागते. त्यासाठी पोलादी पात्यानं जिभेचं मूळ उचलायचं. माणूस झोपलेला असतो पण देह झोपत नाही, त्याला वाटतं कोणी गळा आवळतंय. हृदय उधळतं, रक्ताचा दाब झपकन वर जातो. धडधाकट माणूस ते सोसतो. जिची सुरुवातच दोनशेवर आहे, तिच्या मेंदूतली एखादी शीर तेवढ्यात फुटू शकते.

चार वर्षांपूर्वी एका बस कंडक्टरचं असंच झालं होतं. प्रेशर जास्त होतं, सर्जनची घाई होती आणि नीलांबिका हो म्हणाली होती. तो वाचला, पण उजवा हात परत हलला नाही. पुढे कधी बसस्टँडवर त्याच्या बायकोला शेंगा विकताना पाहिलं की नीलांबिका स्कूटी पलीकडच्या गल्लीत घालायची.

"आधी तुमचं हर्नियाचं ऑपरेशन घ्या," ती म्हणाली. "त्याला पाठीत सुई देते, नळी लागत नाही. हिचं मागून बघू."

"मला एक वाजता हुबळीत पोचायचंय, मॅडम!"

"हिला मुलगा आहे, सर. त्याला काय सांगायचं, तेही तुम्हीच ठरवा मग."

कट्टींनी फिलोमिनाकडे पाहिलं, फिलोमिनानं छताकडे. "आणा तो हर्निया," ते म्हणाले.

चेन्नव्वाला बाहेरच्या खोलीत आणलं. नीलांबिका टोपी-मास्क न काढता तिच्याशेजारी स्टुलावर टेकली. म्हातारीची मूठ मघापासून घट्ट होती.

"काय आहे हातात?"

"काही नाही."

"अव्वा."

मूठ उघडली. घामानं अर्धी विरघळलेली पांढरी गोळी तळहाताला चिकटली होती.

"आता ओरडा," चेन्नव्वा म्हणाली. "पहाटे त्या सिस्टरबाईनं अंगावरचं काढून घेतलं. बांगड्या, बोरमाळ आणि गळ्यातलं इष्टलिंगसुद्धा. सगळं रुमालात बांधून माझ्या पोराच्या, ईरण्णाच्या हवाली केलं, आणि वर म्हणते, एका घोटाबरोबर गोळी घ्या! पूजेवाचून घोट कसा घेऊ? सात वर्षांची असल्यापासून पूजेआधी पाण्याचा थेंब तोंडात घेतला नाही मी. बाळंतपणात नाही, नवरा गेला त्या दिवशीही नाही."

"मग तसं सांगायचं."

"सांगितलं असतं तर म्हणाली असती, म्हातारी नखरे करते. ती समुद्राकडची पोर, तिला काय ठाऊक!"

फिलोमिनाला ठाऊक नव्हतं. लिंगायत घरात वाढलेल्या नीलांबिकाला होतं. तिच्या आईनं जन्मभर हेच केलं होतं. रोज सकाळी डाव्या तळहातावर लिंग, वर भस्म, आणि तोवर चूलसुद्धा थंड. पूर्वी नीलांबिका आदल्या संध्याकाळी स्वतः वॉर्डात येऊन बसायची, खाण्यापिण्याचं, देवाधर्माचं सगळं विचारायची. हल्ली कागद बघून फोनवर सांगायची, 'सकाळची गोळी एका घोटाबरोबर द्या.' कालही तेवढंच सांगितलं होतं.

चेन्नव्वाची नजर तिच्या गळ्याकडे गेली. "तुम्ही कुणाच्या? आपल्यातल्याच वाटता बोलण्यावरून."

"बेल्लद."

"मग तुमचं लिंग? इथं यायचं म्हणून काढून ठेवलंत?"

"हो," नीलांबिका म्हणाली. तिचं लिंग तीन वर्षं कपाटात आईच्या साड्यांखाली होतं.

"म्हणजे पूजा करून निघालात. बरं झालं." चेन्नव्वानं निःश्वास सोडला. "निदान झोपवणारी तरी उपाशी नाही."

ईरण्णानं रुमाल सांभाळायला म्हणून घरी नेला होता. तो मोटारसायकलवर बेटगेरीला जाऊन पंधरा मिनिटांत परत आला. फिलोमिनानं स्टीलच्या वाटीत पाणी आणलं. "मला आधी सांगायचं ना, अज्जी," ती पुटपुटली. "मी काय वाघ आहे?"

"वाघ बरा. तो गोळ्या देत नाही."

चेन्नव्वानं डोळे मिटले. डाव्या तळहातावरच्या काळ्या लिंगाला बोटभर भस्म लागलं, त्यावरून पाणी ओघळलं आणि त्याच तीर्थाबरोबर नवी गोळी घशाखाली गेली. नीलांबिका दाराशी उभी राहून बघत होती. आतून कट्टींनी हाक मारली, तेव्हा ती हर्नियाच्या पेशंटला सुई द्यायला गेली.

दोन तासांनी चेन्नव्वा पुन्हा टेबलावर आली. लिंग आता फडक्यात बांधून तिच्या मनगटाला पट्टीनं चिकटवलेलं होतं.

"एकशे अठ्ठावन्न, खाली ब्याण्णव."

"चला," नीलांबिका म्हणाली आणि गुंगीची सुई दिली.

म्हातारीचा चेहरा हळूहळू सैलावला. "अक्का, हात थंड आहेत तुमचे. घरी कोण असतं?"

"कोणी नाही."

"कोणीच नाही?" ती विचारात पडली. "मग तुम्हाला साडी कोण घेतं? मी विणते एक. माझ्या मागावर. कुठला रंग?"

अठ्ठावीस वर्षांत लग्नं, लाडू, बारशी सगळं मिळालं होतं. रंग कोणी विचारला नव्हता.

"जांभळा," नीलांबिका म्हणाली. मग हळूच, "लाल काठाची."

"लाल काठ," चेन्नव्वा जड जिभेनं म्हणाली. "रुंद घालते."

मग कामाला लागायचं होतं. आधी वेदना मारणारं औषध. ते भिनायला तीन मिनिटं. कट्टी बुटाचं टोक आपटत होते, ती घड्याळाकडे बघत राहिली. मग झोपेचं, मग स्नायू सैल करणारं. घसा आणि नाडी शांत राहावी म्हणून आणखी एक, नळीच्या दीड मिनिट आधी.

"किती?"

"एकशे बावीस."

पातं आत गेलं. जीभ उचलली. पंधरा सेकंदांच्या आत बाहेर यायचं, ही तिची स्वतःला घातलेली अट. फिलोमिना नाडी मोजत होती, "ब्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, ब्याण्णव..." नळी सरकली. पातं बाहेर.

पट्टा फुगला. फुगतच राहिला. तेवढ्या वेळात तिला कंडक्टरचा हात आठवला.

"एकशे चव्वेचाळीस."

"नक्की?"

"चव्वेचाळीस, मॅडम."

"झालं एकदाचं?" कट्टी म्हणाले.

"झालं."

तिनं प्रेशर नोंदायच्या कागदावर ठिपका ठेवला. दर पाच मिनिटांनी एक. शेवटी ठिपक्यांची ओळ जवळजवळ सपाट निघाली. तो कागद फाइलमध्ये गेला, फाइल कपाटात.

दुसऱ्या दिवशी तिला तिथं काम नव्हतं. तरी सकाळी ती वॉर्डात गेली, साध्या साडीत, टोपी-मास्कविना. खाटेवर कट्टींसाठी ठेवलेला पेढ्यांचा पुडा होता. चेन्नव्वाची पूजा नुकतीच संपली होती.

"प्रेशर बघायला आले, अव्वा."

"बघा, बघा. काल कुणी टोपीवाली बाई होती. देवमाणूस! लिंग मागवून घेतलं तिनं माझं. तुम्ही ओळखता तिला?"

नीलांबिका पट्टा गुंडाळत होती. "ओळखते थोडीशी."

"माझा नमस्कार सांगा." मग म्हातारी मुलाकडे वळली. "ईरण्णा, कालपासून डोक्यात एक घोळतंय बघ. कुणाला तरी जांभळं विणून देते म्हणाले मी. लाल काठाचं. कुणाला रे?"

"डॉक्टरांच्या मिसेसना असेल," ईरण्णा म्हणाला. "ऑपरेशन त्यांनीच केलं ना."

"हो, तिलाच असेल. नाही का हो बाई?"

पट्टा फुगला, सैल पडला.

"असेल," नीलांबिका म्हणाली. "एकशे चौतीस, खाली ब्याऐंशी. गोळी घेतली?"

"घेतली," चेन्नव्वा म्हणाली, आणि दोन्ही मुठी उघडून रिकामे तळहात तिच्यापुढे धरले.