मागच्या दाराची मोटार

रत्नागिरीत कोणी नवी मोटार आणली की मोटारअण्णा तिला आधी माळनाक्याच्या चढावर नेत आणि चढाच्या ऐन मध्यावर उभी करत. मालक आत घामाघूम. अण्णा खाली उतरून चाकामागे दगड लावत, विडी पेटवत आणि ती ओढून संपेपर्यंत मोटारीकडे बघतसुद्धा नसत. मग दगड काढून ड्रायव्हरला म्हणत, "आता उचल." धावत आलेली मोटार चढ चढली यात त्यांना काही कौतुक वाटत नसे. "धावत येऊन कोणीही चढतं रे. थांबवल्यावर जी उचलते ती मोटार." मोटार मागे घरंगळली तर ते मालकाला शांतपणे सांगत की हिला मांडवीवर फिरवा, तिथे सपाट आहे.

हा मृत्युलेख नव्हे. मृत्युलेखात माणसाचे दोष पुसून टाकण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि अण्णांनी स्वतः कधी कुठल्या मोटारीचा दोष पुसला नाही. तेव्हा त्यांच्यावर लिहायचं तर त्यांच्याच पद्धतीनं लिहिलं पाहिजे.

बुटके, काळेसावळे, धोतरावर खाकी कोट. उजवं मनगट वाकडं. कधीकाळी मोटारीचं हँडल उलटं फिरून मोडलेलं आणि तसंच जुळलेलं. त्या वाकड्या हाताची तीन बोटं पुढे धरून ते प्रत्येक गाडीला तीन प्रश्न विचारत. ओढते कशी, मावतं काय, खाते किती. रंग, गाद्या, भोंग्याचा आवाज, साहेब कुठली वापरतो, या गोष्टी त्यांच्या हिशेबीच नव्हत्या. "मोटार घोड्यासारखी बघू नका, बैलासारखी बघा," असं ते लक्षाधीशालाही सांगत.

एका वकिलांनी मुंबईहून लांबलचक, आरशासारखी चकचकीत गाडी आणली आणि अण्णांना मुद्दाम घरी बोलावलं. अण्णांनी चहा घेतला, गाडी चालवून आणली आणि म्हणाले, "ओढते झकास. मावायचं म्हणाल तर तुम्ही, बाईसाहेब आणि तुमची पगडी. आंब्याची एक पेटी ठेवायची झाली तर बाईसाहेबांना उतरावं लागेल. आणि खाण्याचं विचारू नका. हिचं पोट भरायला तुम्हाला रोज एक नवं भांडण लागेल." वकील महिनाभर बोलत नव्हते. नंतर त्यांनीच गाडी विकली. एका एजंटानं अण्णांना दलाली देऊ केली, तेव्हा अण्णांनी त्याच्या गाडीचे आणखी दोन दोष गिऱ्हाइकाला सांगितले. असा माणूस. मोटारीबाबत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, आणि तो कुणाच्याही तोंडाकडे बघून बदलत नसे.

स्वतः अण्णांची एक जुनी सर्व्हिस मोटार होती. रत्नागिरीहून निघायची, हातखंबा, पाली करत साखरप्यापर्यंत जायची. तिच्यात एक नियम होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. महार उतारूंनी आत बसायचं नाही. मागच्या पायरीवर उभं राहायचं आणि टपावर चढायची शिडी धरून ठेवायची.

त्या पायरीवर उभे राहून येणाऱ्यांत सोनू मास्तर होते. पालीपलीकडच्या एका गावात शाळामास्तर. पांढरं धोतर, पांढरा सदरा, काळी टोपी. आमच्या अस्पृश्यतानिवारणाच्या सभेला ते येत तेव्हा जांभ्याच्या धुळीनं डोक्यापासून पायापर्यंत लाल होऊन येत. सभेआधी विहिरीवर जाऊन तोंड धुवायचं, तर त्या विहिरीवरही पुन्हा तोच प्रश्न. मी त्या मोटारीवर पत्रक काढलं. नाव घातलं नाही, पण रत्नागिरीत सर्व्हिस मोटारी अशा कितीशा असणार. दुसऱ्या दिवशी अण्णा पत्रक हातात घेऊन माझ्या दारात.

मी भांडायच्या तयारीनं बाहेर आलो. अण्णा ओटीवर बसले आणि म्हणाले, "मेल्या, अर्धंच लिहिलंस. मागं उभं करतात, बरोबर. पण भाडं आतल्याइतकंच घेतात, हे राहिलं. ते घाल."

अशा माणसाशी भांडायचं कसं? मी त्यांना सरळ विचारलं की हे कळतं तर मास्तरांना आत का घेत नाही. त्यांनी मोटारीचं कारण सांगितलं. गाडी जुनी, जागा थोडी, आत आधीच मांडीला मांडी. "नवी गाडी येऊ दे. नव्या गाडीत मास्तर बाकावर बसेल. माझा शब्द."

हा शब्द मी सभेत सांगितला. मास्तरांनाही सांगितला. मास्तर हसले आणि म्हणाले की मग नव्या मोटारीत बसायला ते नवा सदरा शिवतील. तेव्हापासून अण्णांची नवी मोटार ही आमचीच मागणी होऊन बसली.

आणि मोटारी आल्या. एक हिरवी, एक लाल, दोन एजंटांनी पारखायला आणलेल्या. बाजारात पैजा लागल्या. पालीच्या अलीकडच्या चढावर अण्णांनी दोघींना सारखंच ओझं घातलं, माणसं आणि वर भाताची पोती, आणि मध्यावर थांबवलं. बघ्यांत मी होतो, मास्तर होते. हिरवीनं एकदा गुरगुरून ओझ्यासकट उचललं. लाल हातभर वर गेली, थरथरली, दोन हात मागे आली आणि तिच्या तोंडातून वाफ निघाली. क्लीनर पाण्याचा डबा घेऊन धावला.

मावण्याचं पाहावं तर हिरवीला समोरासमोर दोन लांब बाक, पुढे एक रुंद दार, म्हातारं माणूसही सहज चढेल. लालच्या पोटात मध्ये फळ्यांची भिंत. पुढे उतारू, मागे माल ठेवायची खोली आणि तिला मागून वेगळं दार. त्या भिंतीनं जागा खाल्लेली. पेट्रोलचं तर विचारूच नका. दोघींत सारखंच पेट्रोल ओतून साखरप्याला सोडलं, तर हिरवी जाऊन परत आली आणि लाल परतीच्या वाटेवर कातळावर उभी राहिली. बैल जुंपून आणावी लागली. सगळ्या गावानं ते बघितलं.

अण्णांनी निकाल द्यायला वेळ लावला नाही. "तिन्ही प्रश्नांत हिरवी. हिच्यापुढं लाल म्हणजे चाकं लावलेली कोठी." मास्तर माझ्याकडे बघून नुसते मान हलवत होते. त्यांनी सदऱ्याचं कापड घेतलेलं होतं.

त्यानंतर पंधरवड्यात अण्णांच्या दारात लाल मोटार उभी राहिली.

मला वाटलं, हिरवी आधीच कोणी नेली असेल. मी धावत गेलो. अण्णा मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालत होते. इतके खूश मी त्यांना क्वचितच पाहिले असतील. "ये, बघ," म्हणाले. मालाच्या त्या खोलीत एक बाक ठोकला होता. "बाक आहे. डोक्यावर छप्पर आहे. धूळ येऊ नये म्हणून पडदा शिवून घेतला, बायकोला बसवलं दोन दिवस मशीनवर. तुझा मास्तर आता लोंबकळत नाही यायचा."

मी म्हणालो, हिरवीतही बाक होता.

"हिरवीत सगळं एक. एकच दार, समोरासमोर बाक. तिथं मास्तर बसला की बाकीचे उतरणार. मग मोटार कुणासाठी चालवू, तुझ्या पत्रकांसाठी?"

मी म्हणालो, उतरू देत. एकदा उतरतील, दोनदा उतरतील, मग पाय दुखले की येऊन बसतील. रत्नागिरी ते पाली कोणी सोवळ्यात चालत जात नाही. अण्णांनी तेलाची बुधली खाली ठेवली. आता ते खरोखर दुखावले होते. "अरे, ही ओढत नाही, पिते मेली हत्तीसारखी, हे मला कळत नाही? नुकसान सोसून घेतली. मास्तरसाठी घेतली. मी बाक म्हणालो होतो, बाक दिला. आणि तू तोंड वाकडं करतोस."

चीड आली ती इथं. फसवलं असतं तर पत्रक काढून मोकळा झालो असतो. हा माणूस उपकार केल्याच्या भावनेनं ते दार तेल लावून चकचकीत करत होता. ज्यानं उभ्या आयुष्यात कुणाला वाईट मोटार घेऊ दिली नाही, त्यानं डोळे उघडे ठेवून वाईट मोटार घेतली. कारण तिला भिंत होती. आणि ही भिंत त्याला सुधारणा वाटत होती.

पहिल्या खेपेला बाजारात गर्दी जमली. मास्तर नवा सदरा घालून आले होते. मी त्यांना लालचं आधी सांगितलं होतं, तरी घालून आले. अण्णांनी स्वतः जाऊन मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "या मास्तर, बसा." आजवर ते त्यांना अरे सोनू म्हणत. अहोजाहो त्या दिवशी पहिल्यांदा.

मास्तरांनी आत डोकावून पाहिलं. बाक पाहिला, पडदा पाहिला.

"अण्णा, चढावर कुठली चढली होती?"

"हिरवी," अण्णा म्हणाले.

"आणि पेट्रोल कमी कुठली खाते?"

"हिरवी."

"मग ही का घेतलीत?"

अण्णांना उत्तर येत होतं. ते पुढच्या खोलीत बसलेल्या उतारूंकडे बघत राहिले. तिथून माझ्या पत्रकाची तोंड भरून स्तुती केलेले एक गृहस्थ खिडकीतून मान काढून म्हणाले, "अहो बसा की मास्तर लवकर, आम्हांला उशीर होतोय."

मास्तरांनी दार लावलं. आपटलं नाही, कडी नीट बसेल असं लावलं. आणि पालीच्या रस्त्यानं चालू लागले. मीही त्यांच्याबरोबर हातखंब्यापर्यंत गेलो. वाटेत ते शाळेतल्या मुलांच्या परीक्षेचं बोलत होते.

त्यांच्या गावातून मग त्या मागच्या खोलीत कोणीच बसलं नाही. शेजारच्या वाड्यांतूनही नाही. म्हातारी माणसं चालली, बाळंतिणी डोलीतून गेल्या, पण ते दार कोणी उघडलं नाही. अण्णांची लाल मोटार अर्धं पोट रिकामं घेऊन धावू लागली, आणि रिकाम्या पोटीही तेवढंच पेट्रोल पीत राहिली. खोलीत माल भरावा, असं लोकांनी सुचवलं. अण्णांनी भरला नाही. "ती मास्तरची जागा आहे," म्हणायचे. यात हसावं की रडावं, मला अजून कळत नाही. दरम्यान हिरवी दुसऱ्याच एका मालकानं घेतली. ती त्याच रस्त्यावर भरून धावायची, आणि तिच्या मागच्या पायरीवर, शिडी धरून, उभं राहायची सोय होती.

सर्व्हिस बसली. अण्णाही बसले. छातीच्या दुखण्यानं अंथरूण धरलं तेव्हा मी भेटायला गेलो. खूप खंगले होते. वाकडं मनगट पांघरुणावर पडलेलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "हिरवीच घ्यायला हवी होती रे."

या एका वाक्यासाठी मी वर्षानुवर्षं थांबलो होतो, असं मला त्या क्षणी वाटलं. त्यांना बोलणं सोपं जावं म्हणून मीच पुढे विचारलं, "मास्तरांसाठी ना, अण्णा?"

त्यांनी डोळे मिटले. मग डोळे न उघडता म्हणाले, "खोटं कशाला बोलू? मास्तर नाही आला मनात. चढावर तिनं ओझं उचललंन कसं, ते आठवलं."

त्याच आठवड्यात अण्णा गेले. सोनू मास्तर गावाहून चालत आले आणि स्मशानाच्या दगडी गडग्यापलीकडे उभे राहिले. सगळे परतल्यावर मी त्यांच्याकडे गेलो आणि अण्णा शेवटी काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. लपवायचा विचार आला होता, पण मास्तरांशी तसं करवेना.

मास्तर चितेकडे बघत होते. म्हणाले, "माणूस सरळ होता. वाकडा असता तर मी त्याला केव्हाच विसरलो असतो."

मग धोतराचा सोगा वर खोचून ते पालीच्या रस्त्याला लागले.