आप्पांनी आणलेलं पडवळ

मी विंचू उतरवत असे. हे सांगितलं की माझ्या नातसुना तोंडाला पदर लावून हसतात. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेली बाई आणि म्हणे विंचू उतरवायची! हसा बापड्यांनो. पण निपाणीपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात मी नऊ वर्षांची होते तेव्हापासून सोळावं सरेपर्यंत तेच करत होते, आणि चांगलं करत होते.

आमच्या घराण्यात हा मंत्र बापाकडून मुलाला जायचा. ग्रहण लागलं की वेदगंगेत कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं आणि कानात सांगायचा. एकदा सांगितला की सांगणाऱ्याचा गेला, दिलेला परत येत नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, तो माझ्या थोरल्या भावाला देणार होते. पण अण्णाला साधी आरती पाठ होत नव्हती आणि कुणी विव्हळायला लागलं की तो परड्यातून पळ काढायचा. शेवटी ग्रहणाच्या दिवशी आप्पांनी माझा दंड धरला आणि मला पाण्यात नेलं. आई काठावरून ओरडत होती, "आवो, पोरगी हाय ती! उद्या लोकाच्या घरी जाणार!" आप्पा म्हणाले, "उद्याचं उद्या." तिथंच त्यांचं चुकलं.

माझ्या हाताला गुण आला, आणि तो आप्पांपेक्षा मोठा निघाला. त्यांना ज्या दुखण्याला तास लागायचा ते माझ्याकडून पान खाऊन होईतो उतरायचं. उन्हाळ्यात तंबाखूच्या वखारीत पोती हलवली की विंचू निघायचे, मग दिवसाकाठी दोन-दोन बोलावणी. लहान पोर असलं तर आप्पा आधी निपाणीच्या डॉक्टराकडं न्यायला गाडी जुंपायला लावत. मोठ्या माणसाला मी पुरे. मी पाय धरायची, पुटपुटत वरून खाली हात फिरवायची आणि विचारायची, "उतरलं न्हवं?" माणूस डोळे पुसत म्हणायचं, "व्हय गं बाई, घोट्यापातूर आलं." तो मंत्राचा गुण होता, हाताचा होता की नुसता विश्वासाचा, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि आजही नाही.

याला नेम होते. बोलावणं आलं की भरल्या ताटावरून उठायचं. त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. पडवळ खायचं नाही, पडवळ पोटात गेलं की मंत्र मेला. यातल्या कशाचं मला काही वाटत नसे. जाच होता तो एकाच नेमाचा, गावची शीव ओलांडून वस्तीला राहायचं नाही. मामाच्या लग्नाला सगळं घर गोकाकला गेलं, आणि मी शेजारच्या काकूंच्या घरी तीन दिवस तोंड फुगवून बसले.

शाळेत मास्तर मला दाराजवळ बसवत, मधूनच बोलावणं आलं तर वर्गाचा खोळंबा नको म्हणून. तशी उठत-बसत मी सातवी फायनल पास झाले, तीही तालुक्यात वरचा नंबर घेऊन. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी आपल्या हातानं अर्ज भरून बेळगावच्या मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजला धाडला. वैशाखात पत्र आलं. जागा मिळाली होती. दोन वर्षं तिथंच राहायचं, मग मास्तरीण.

मी ते पत्र किती वेळा वाचलं असेन! अण्णा चिडवायचा, "इंचवांची मास्तरीण, आता इंचवास्नी बाराखडी शिकीव." पण आप्पांनी ते एकदाच ऐकलं आणि बैल सोडायला गेले. बेळगावला राहायचं म्हणजे मंत्र जाणार. दुसऱ्या कुणाला द्यावा तर पंचांगात दिवाळीपर्यंत ग्रहण नव्हतं, आणि असतं तरी घेणार कोण? काकू तर रोज येऊन बसायच्या. त्यांना विंचू तीनदा चावला होता. "तू गेलीस तर आमी काय करायचं गं?" असं म्हणून माझा हात धरायच्या. त्या लबाडीनं नव्हत्या बोलत, खरोखर घाबरल्या होत्या. म्हणूनच मला त्यांचा जास्त राग यायचा.

चार दिवसांनी मीच म्हटलं, "मी नाही जात," आणि पुस्तकं माळ्यावर फेकली. तोंडानं नाही म्हटलं खरं, पण आप्पांच्या ताटात भाकरी वाढताना ती आपटायची. नदीत मला विचारलं होतं का कुणी? नऊ वर्षांच्या पोरीला काय कळतं?

त्याच आठवड्यात वखारीतून बोलावणं आलं. पानं निवडणाऱ्या एका बाईच्या बोटाला नांगी लागली होती. मी गेले, हात धरला, पुटपुटले. "उतरलं न्हवं?" ती ओठ चावत म्हणाली, "न्हाय गं. वर चढतंय." मी मंत्र पुन्हा पहिल्यापासून म्हटला. तिचं कण्हणं थांबेना. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दुपार कलली तेव्हा कुठं तिला जरा आराम पडला, आणि तो माझ्यामुळं नव्हता हे मला पक्कं ठाऊक होतं. आप्पा दारात उभे राहून सगळं बघत होते.

वाटेत त्यांनी विचारलं, "मन कुठं हुतं तुजं?"

मी म्हटलं, "बेळगावात."

ते पुढं चालत राहिले.

बाजारच्या दिवशी आप्पा निपाणीला गेले आणि येताना पडवळ घेऊन आले. हातभर नव्हे, चांगलं पुरुषभर लांबीचं, खांद्यावर टाकून. पिशवीत घातलं नाही, उपरण्याखाली झाकलं नाही. वेशीपासून घरापर्यंत भर दिवसा ते तसे चालत आले. आमच्या घरात पडवळ येत नाही हे पोरासोरांनाही ठाऊक. पारावर कुणीतरी विचारलं, "आप्पा, पडवळ कुणाला वो?" आप्पा म्हणाले, "घरात खायाला." बघता बघता अंगणात माणसं जमली.

आईनं चुलीपुढून उठून सरळ सांगितलं, "मी न्हाय ह्ये शिजवायची." मग आप्पाच विळीवर बसले. जन्मात भाजी चिरली नव्हती त्यांनी, एक फोड बोटाएवढी, एक पेराएवढी. फोडणीत मोहरी करपली. कसंबसं शिजवून त्यांनी माझ्या ताटात वाढलं आणि म्हणाले, "खा."

मला रडू फुटलं. मला बेळगावला जायचं होतं, मरणाची हौस होती, पण हे असं? सात पिढ्यांचं घराण्याचं मोठेपण, आणि ते माझ्या एका घासानं संपणार! मी म्हटलं, "आप्पा, नको. मी राहते."

"ऱ्हाशील गं. पर मन न्हाय ऱ्हायाचं. मी तुला इचारलं न्हाय तवा, ती माजी चूक, मोडायचं बी माज्याच हातानं. खा."

दारातून काकू कळवळून म्हणाल्या, "आप्पा, आवो, आता आमी कुणाकडं जायाचं?"

"माज्याकडं या."

"तुमच्याकडं काय हाय आता?"

"काय न्हाय," आप्पा म्हणाले. "पर येतो की."

मी खाल्लं. भाजी अर्धी कच्ची होती आणि मीठ घालायचं राहून गेलं होतं. काकू मान खाली घालून निघून गेल्या, त्यांच्यामागून बाकीचेही. पुढं बरेच दिवस आमच्याशी कुणी धड बोललं नाही. सोमवारी मी सर्व्हिस मोटारीनं बेळगावला गेले.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले. तिसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा लेक धावत आला. शेणी काढताना त्याच्या आईला विंचू चावला होता. सवयीनं मी ताटावरून उठले. आप्पांनी आधीच पायात वहाणा घातल्या होत्या. "तू जेव," म्हणाले आणि निघाले. मला राहवलं नाही, मीही मागून गेले.

काकू भुईवर पडून पाय आपटत होत्या. आप्पांनी त्यांचा पाय मांडीवर घेतला. पुटपुटले नाहीत, हात फिरवला नाही, उतरलं का म्हणून विचारलंही नाही. म्हणाले, "लई दुखतंय न्हवं? रड बाई, रड. मी बसलोय."

काकू मोठ्यानं रडायला लागल्या. दुखणं उतरलं नाही. दिवेलागणीला ते आपोआप कमी व्हायला लागलं, तोवर आप्पा तसेच बसून होते, आणि काकूंनी त्यांचं मनगट सोडलं नाही. मी उंबऱ्यात उभी होते. इतकी वर्षं मी शेकडो माणसांचे पाय धरले, पण दुखतंय का, असं त्यातल्या एकालाही मी कधी विचारलं नव्हतं.