पहिली डिस्क कोणती

शाळा चौथीपर्यंतच झाली, पण परतूरच्या आसपास लग्नाची शूटिंग म्हणलं की लोक मलाच बोलवायचे. ती सगळी लग्नं माझ्या दुकानातल्या कंप्युटरवर एका डिस्कमध्ये होती.

आमच्या गल्लीतल्या एका वैनीचा नवरा वारला. दहाव्याच्या दोन दिवस आधी ती दुकानात आली. पोरीच्या लग्नात तो हसत हसत पंगतीत वाढून राह्यला होता, तेवढं मोबाईलमध्ये टाकून द्या म्हणाली. मी म्हणलं, उद्या सकाळी घेऊन जा.

नेमका त्याच दुपारी कंप्युटर चालू होईना. जालन्याला माझा साडू कंप्युटरचा क्लास चालवतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, जुन्या डिस्कला हात लावू नका, दुसरी घ्या, तिच्यावर नवी सिस्टीम टाका, मंग जुनीतलं बराबर दिसेल. मी जुनीसारखीच आणली, त्याच कंपनीची, तेवढ्याच जागेची. बैल असो की डिस्क, जोड एकसारखीच लागते मला. मशीनच्या सेटिंगमध्ये नवीला पहिला नंबर द्या, हेही त्यानंच सांगितलं.

नव्या सिस्टीमची सीडी टाकली. सुरुवातीला काळी स्क्रीन आली. तिथं डिस्कची नावं एचडी शून्य अन् एचडी एक. साडू फोनवर सांगत गेला तशी एकेक अक्षर दाबून मी दोन्ही तपासल्या. शून्य रिकामी. एकमध्ये माझी लग्नं, गावागावाच्या नावानं. कागदावर लिहून घेतलं, पहिली नवी, दुसरी जुनी.

"झालं मंग," साडू म्हणाला. "आता पुढं डोळे झाकून करा." अन् फोन ठेवला.

पुढं सिस्टीमनं विचारलं, कोणती डिस्क पुसायची? इथं नावं वेगळीच, एसडीए अन् एसडीबी. कंपनी तीच, जागा तेवढीच, फरक काही दिसेना. ए म्हणजे पहिली. कागद बघितला अन् ए दाबलं.

चहा घेऊन आलो तर नवी सिस्टीम झकास उघडली होती. लग्नं मात्र न्हाईत. दुसरी डिस्क बघितली, ती कोरी.

परत फोन लावला तर साडू शांतपणे म्हणाला, काळी स्क्रीन सेटिंगमधल्या नंबरानं मोजते, अन् सिस्टीम वायर कोणत्या खाचेत आहे त्यावरून. जुनीची वायर पहिल्या खाचेत होती. एकाच डिस्कला एकाच मशीनमध्ये दोन नावं, अन् हे त्याला आधीपासून माहीत.

"सांगितलं का न्हाई मंग?"

"एवढं तर सगळ्यांनाच माहीत असतंय, साडूभाऊ."

सगळ्यांना. मी फोन ठेवला. त्यानंतर त्याच्या घरच्या कार्याला मी गेलो न्हाई, जाणारही न्हाई. पुसलेलं परत काढायचा खटाटोप बराच केला, तुकडे निघाले, पण एकही उघडला न्हाई.

सकाळी वैनी मोबाईल घेऊन आली. मी उभ्या उभ्याच सांगितलं, गेलं सगळं. तिनं मोबाईल परत पिशवीत टाकला.

"माझ्याकडं कॅसेट होती की, भाऊजी. कंप्युटरवर चढवतो म्हणून तुम्हीच नेल्ती."

ती कॅसेट मी कधीच फेकून दिली होती. साडूनं कसा घात केला ते सांगायला मी तोंड उघडलं, अन् मिटलं. वैनीनं कॅसेट साडूच्या हातात दिली नव्हती.