आत्यांची आफ्रिका

माझ्या नवऱ्याच्या आत्यांना पृथ्वीवर कुठेही नेऊन सोडलं, तरी तासाभरात तिथली माणसं त्यांनाच पत्ता विचारायला लागतील, असं आमच्या घरात सगळे म्हणत, आणि मला त्यात कधी अतिशयोक्ती वाटली नाही. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत त्यांनी उभी हयात भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "सवड झाली नाही" एवढंच सांगत. पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली पोरं घाऊक भावात तोक्योत येऊन पडत होती ती वर्षं. आम्हीही ओजिमाच्या सरकारी वसाहतीत संसार थाटला होता. निवृत्तीनंतर आत्या काही दिवस आमच्याकडे राहायला आल्या. विमानतळावर उतरल्या उतरल्या त्यांनी भलत्याच एका गृहस्थांच्या पाठीवर थाप मारून "किती वाळलास रे" म्हटलं. ते गृहस्थ पुन्हा पुन्हा कमरेत वाकत राहिले. खरा भाचा दोन हात पलीकडे ढकलगाडी धरून उभा होता. "प्रवासाचा शीण," असं म्हणून आत्यांनी तो विषय संपवला.

जपानी त्यांना येत नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं. कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या त्या दुकानात, त्या गल्ल्यावरच्या पोराशी अस्सल साताऱ्याच्या मराठीत बोलत, आणि त्याला माझ्या जपानीपेक्षा त्यांचं मराठी लवकर कळे. पण जपानमध्ये त्यांचा खरा जीव जडला तो कचऱ्यावर. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, हे पाहून त्या हरखून गेल्या. सकाळी खाली जाऊन त्या लोकांच्या पिशव्या हातानं चाचपत, आणि "अहो, यात बाटली आहे" अशी जिन्यात हाक देत. शेजारपाजारचे भारतीय त्यांना इतके टरकून असत, की काही जण आत्या अंघोळीला गेल्यावरच कचरा टाकायला उतरत. घरात कुठलाही कागद आला, की तो त्या माझ्या मुलीपुढे धरत. "वाच बाळ, उच्चार सुधारतील." मुलगी जपानी शाळेत जाणारी, कंटाळली की "मेंदोकुसाई" म्हणायची, म्हणजे कटकट आहे नुसती. अर्थ कळल्यावर आत्या म्हणाल्या, "शाबास. स्पष्ट बोलतेस."

असंच एकदा स्टेशनजवळच्या ट्रॅव्हल एजन्सीचं पत्रक मुलीनं वाचून दाखवलं. दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वाना, जंगली प्राणी, सोबत जपानी गाईड. आत्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली. "झांबेझी नदी मी दर वर्षी फळ्यावर खडूनं काढली. खरी कधी पाहिलीच नाही. मी जाणार."

"आत्या, भारतातून चांगल्या टूर निघतात," नवरा म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू की."

"आपल्या टूरमध्ये लोक भेंड्या लावतात आणि चिवडा खातात. आणि पुढच्या वर्षी नाही. आत्ताच."

तिथून परस्पर मुंबईला जायचं, हेही त्यांनी ठरवून टाकलं. एजन्सीचं म्हणणं, सोबत जपानी समजणारं माणूस हवं. म्हणून मुलीला तिच्या बाबांवर सोपवून मी निघाले.

आमच्या गटात सगळी निवृत्त मंडळी, डोक्याला टोप्या, अंगात भरपूर खिशांची जाकिटं, आणि पुढे छोटा झेंडा धरलेली गाईड मुलगी. साडेपाचला जमायचं म्हटलं, की सव्वापाचला रांग तयार. आत्यांचा ऊर भरून आला. "असा वर्ग मला नोकरीत एकदा मिळायला हवा होता," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून गाईड जपानीत माणसं मोजायची, तेव्हा आत्या तिच्याशेजारी उभ्या राहून मराठीत मोजू लागल्या. दोघींचा आकडा जुळला नाही, तर ती बिचारी पुन्हा मोजायची.

बोट्स्वानात चोबे नदीच्या काठी उघड्या जीपमधून पहाटे फिरवत. थंडी मरणाची. मांडीवर घोंगड्या घेऊन सगळे चिडीचूप बसलेले असायचे. ड्रायव्हरनं कुठेही बोट दाखवलं, की पहिला आवाज आत्यांचाच. "दिसला." सिंह असो, पाणघोडा असो, आत्यांना तो सगळ्यांच्या आधी दिसलेला असे. एका सकाळी सगळे उजवीकडच्या फांदीवर बसलेला गरुड पाहत होते, आणि आत्या मात्र डावीकडे तोंड करून हात जोडून बसल्या होत्या. "केवढा शांत उभा आहे बघ हत्ती," त्या हळूच म्हणाल्या. "कानसुद्धा हलवत नाही."

मी पाहिलं. तिथे एक भलंमोठं वारूळ होतं.

त्या थट्टा करताहेत असं वाटून मी हसले. त्या हसल्या नाहीत. मग मी सांगितलं, "आत्या, ते वारूळ आहे."

त्यांनी जोडलेले हात घोंगडीखाली घेतले. म्हणाल्या, "मधलं सगळं गेलंय गं. समोर धरलेलं दिसत नाही, माणसांचे चेहरेही नाहीत. कडेकडेचं दिसतं थोडं. डॉक्टर म्हणाले, तेही जाईल." मग म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस. साताऱ्याचं घर बंद करायला लावेल."

"मी नाही सांगत," मी म्हटलं. "तुम्ही सांगायचं."

"बघू," त्या म्हणाल्या. अर्ध्या दिवसाची सुट्टी मागणाऱ्या मुलींना असंच उत्तर देत असाव्यात.

आमच्या मागच्या सीटवर तोक्योशेजारच्या इचिकावाच्या एक आजी होत्या. भाषा न कळताही त्यांना काहीतरी कळलं होतं. दुपारी त्यांनी मला विचारलं. आत्यांची परवानगी घेऊन मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी जिराफ समोर येताच आजी वाकून म्हणाल्या, "याचा रंग जरा जास्त भाजलेल्या तांदळाच्या बिस्किटासारखा आहे. त्यांना सांगाल का?" मी मराठीत सांगितलं. मग एकेकाला कंठ फुटला. एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, ते अहवाल वाचल्यासारखे सांगत, "डावीकडे, झाडामागे, झेब्रे. एकानं आपल्याकडे पाठ केली आहे." आत्या विचारत, "शेपूट कुठल्या बाजूला?" मी त्याचं जपानी करी, आणि ते गृहस्थ दुर्बीण लावून गंभीरपणे खातरजमा करून मगच उत्तर देत. बोलून बोलून माझा घसा बसला. ड्रायव्हरला बहुधा वाटलं असेल, की हे लोक प्राण्यांवरून भांडताहेत.

शेवटच्या संध्याकाळी हत्तींचा कळप आमच्या जीपला वळसा घालून नदीकडे निघाला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. एक थोराड हत्तीण अगदी जवळ येऊन थांबली. ओल्या चिखलाचा आणि चघळलेल्या गवताचा वास आला. तिनं कान हलवले, तो वारा आमच्या तोंडावर लागला. आत्यांनी मान वळवली, अगदी पलीकडे, हत्तिणीकडे जवळजवळ पाठ होईल इतकी. त्या घाबरल्या असं समजून ड्रायव्हर हळूच म्हणाला, "घाबरू नका, मॅडम." आत्यांनी फक्त हाताचा तळवा वर केला. त्या डोळ्याच्या कडेनं पाहत होत्या. कळप नदीत उतरेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. एकदाही "दिसला" म्हणाल्या नाहीत.

जोहान्सबर्गच्या विमानतळावर मुंबईच्या विमानाला अवकाश होता. आत्यांनी मला भाच्याला फोन लावून द्यायला सांगितलं. मला एकच बाजू ऐकू येत होती. "दोन्ही. ... नाही, ऑपरेशन नाही होत. ... रडतोस काय? ... घर सोडणार नाही. सोबतीला बाई ठेवीन, एवढं ऐकते तुझं." मग सगळा गट निरोपाला वाकला, आणि इचिकावाच्या आजींनी, जपानी माणूस सहसा करत नाही तसं, आत्यांचे दोन्ही हात धरले.

आता कडेचंही राहिलेलं नाही. आम्ही दर वर्षी साताऱ्याला जातो. संध्याकाळी आळीतल्या मुली आत्यांच्या पायरीवर येऊन बसतात आणि आफ्रिका सांगा म्हणतात. आत्या सांगतात, बिस्किटाच्या रंगाचा जिराफ, पाठ फिरवलेला झेब्रा. मग हत्तीण येते. तिच्या पायांमधून एक पिल्लू बाहेर येतं, आमच्या जीपच्या चाकाला सोंड लावून पाहतं, आणि आईनं शेपटीनं फटकारल्यावर पळतं. मी तिथे त्यांच्या शेजारीच बसले होते. तेव्हा मला पिल्लू दिसलं नव्हतं. मुली माझ्याकडे बघतात, मी मान डोलावते. हल्ली तर त्याची सोंड केवढीशी होती, हेही मला नीट आठवतं.