भाऊसाहेब आणि कँटनच्या दुभाषीण बाई

भाऊसाहेब गद्रे वकील यांना मी प्रथम पाहिले ते रत्नागिरीच्या कचेरीच्या व्हरांड्यात. मी नुकतीच सनद घेतली होती. भाऊसाहेब एका म्हातारीला खरेदीखत वाचून दाखवीत होते. प्रत्येक कलमानंतर कागद खाली ठेवून ते म्हणत, "आता तुम्ही सांगा." तिने आपल्या शब्दांत सांगितल्याशिवाय पुढचे कलम नाही. कारकून जांभया देत होते. मला मात्र गुरू सापडले.

या सवयीची कसोटी लागली ती मिरकरवाड्याच्या भिकाजीशेटांच्या करारात. शेटांनी मुंबईच्या गोदीतला आलुंग नावाचा चिनी सुतार गलबतांच्या कामाला आणला होता. करार मुंबईच्या सॉलिसिटराने इंग्रजीत केलेला. आलुंगला हिंदुस्थानीचे चार शब्द येत. शेट म्हणाले, "वकीलसायब, मानूस इस्वासाचा हाय. आंगठा मारतोय तर मारू दे."

"कशावर मारतोय ते त्याला कळू दे," भाऊसाहेब म्हणाले, आणि दुभाष्याचा शोध सुरू झाला.

मुंबईच्या एका स्नेह्यांनी रेशीम विकणारा चिनी फेरीवाला धाडला. दोघे समोरासमोर बसले, हसले आणि गप्प झाले. आलुंग कँटनकडचा, फेरीवाला दूर उत्तरेचा. एकाचे दुसऱ्याला अक्षर कळेना. चिनी तेवढे सारे एक, असे आम्ही शहाणे धरून चाललो होतो. "माझ्याशी बोलायला कुणी मद्रासी धाडला, तर मी तरी काय करणार?" असे म्हणत भाऊसाहेबांनी त्याला पोटभर जेवू घालून परत पाठवले.

मग बोट लागत असूनही ते स्वतः मुंबईला गेले. गोदीलगतची चिनी जोडेवाल्यांची दुकाने त्यांनी पालथी घातली. एका दुकानदाराची पत्नी कँटनची, मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेली. ते जोडपे रत्नागिरीला येऊन भाऊसाहेबांकडेच उतरले. गावाला चघळायला विषय मिळाला. वहिनींनी मात्र बाईंची सरबराई माहेरवाशिणीसारखी केली. अडलेले कायद्याचे शब्द भाऊसाहेबांना विचारून बाईंनी सारा करार चिनीत उतरवला आणि वाचायला घेतला.

काम सोडताना सारी हत्यारे मालकाची, असे एक कलम होते. "आता तुम्ही सांगा," भाऊसाहेब म्हणाले. आलुंगने आपली पेटी जवळ ओढली. तो जे बोलला ते बाईंनी हळूच सांगितले, "ही हत्यारे माझ्या बापाची. यांच्यावाचून घरी कुठल्या तोंडाने जाऊ?"

शेट चिडले. "असली अट समद्यांच्याच करारात असते."

"असेल. ती राहिली तर हा करार माझ्या हातून होणार नाही."

शेट म्हणजे भाऊसाहेबांचे सर्वांत मोठे अशील. शेट पेटीकडे पाहत राहिले. त्यांचे वडीलही सुतारच होते. "काढा ती," एवढेच म्हणाले.

गेल्या वर्षी आलुंग मायदेशी निघाला. बंदरावर त्याने पेटी उघडली, रंधा भाऊसाहेबांच्या हातात ठेवला, आपल्या भाषेतले त्याचे नाव उच्चारले आणि म्हणाला, "वकीलसायब, आता तुमी सांगा." भाऊसाहेबांनी सांगितले, पुन्हापुन्हा चुकत. मला रडू आवरले नाही.

साठी पूर्ण करणाऱ्या भाऊसाहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्याच व्हरांड्यात, कागद खाली ठेवून, समोरच्याच्या उत्तराची वाट पाहत ते आणखी पुष्कळ वर्षे बसोत.