वर्लीनमावशीच्या पाच सह्या

अमेरिकेत, आमच्या डेलावेअर राज्यात पिस्तूल अंगावर लपवून बाळगायचं असेल, तर आधी ते पेपरात छापून सांगावं लागतं. नाव, पत्ता, सगळं. वर कोर्टातल्या अर्जाला जिल्ह्यातल्या पाच अब्रूदार माणसांच्या सह्या लागतात, की ही बाई आम्हाला ठाऊक आहे, चांगल्या चालीची आहे. नियम वाचून वर्लीनमावशीनं चष्मा काढला. म्हणाली, "माझं लग्न याच्या निम्म्या कागदांत झालं होतं."

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण; मी तिच्याच घरी राहते. बावीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. मान न वळवता नुसतं आरशात बघून ओरडायची, "ट्रुइट! बूड सीटला!" की मागच्या मागे तिन्ही ट्रुइट भाऊ धपकन खाली. गावातल्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येकानं तिची बोलणी खाल्लीत. मग ती कोंबड्यांच्या कंपनीत लागली. शेतोशेती फिरायचं, लांबलचक शेडमध्ये शिरायचं, पिल्लं तोलायची, मेलेली मोजायची आणि निघताना शेतकऱ्याची खरडपट्टी काढायची. अर्धी शेतं आमच्या बाजूला, अर्धी हद्दीपलीकडे, शेजारच्या मेरीलँड राज्यात.

जानेवारीत दलदलीकडच्या कच्च्या रस्त्यावर दोघांनी तिच्या पिकअपसमोर गाडी आडवी घातली. एक जण उतरून दार हिसकायला लागला. नशिबानं मागून खताचा ट्रक आला आणि ते पळाले. त्यांचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. मावशीनं कंपनीतल्या साहेबाला आणि आम्हाला दोन वाक्यांत सांगितलं आणि विषय बंद केला. पण दलदलीकडची चार शेतं तिनं सोडली, आणि एप्रिलातल्या छान उन्हातही ती गाडीच्या काचा वर करून फिरायला लागली. शेवटी साहेब नाकातून म्हणाला, "वर्लीऽऽन, जूनपासून ती चार शेतं घेतेस, की अख्खी फेरीच दुसऱ्याला देऊ?"

म्हणून परवाना. शिकवणी झाली, नेमबाजी झाली. पाद्री, डॉक्टर आणि खाद्याच्या दुकानवाल्याची सही झाली. तिथं गाडं अडलं. कुणापुढे हात पसरायची मावशीला सवयच नाही. अर्ज भरायला नऊ दिवस उरलेले, आणि ही म्हणते, "मी कुणाच्या दारात जाणार नाही."

पेपरची नोटीस तिनं सगळ्यात बारक्या साप्ताहिकात दिली होती, आतल्या पानावर, एक लिलावाचं घर आणि एक मयताची मालमत्ता यांच्या मधोमध. "तिथं कोण बघतंय!" जन्म आमच्या गावात काढलेली बाई हे म्हणाली! आमच्याकडे पहिलं पान कुणी उघडूनसुद्धा बघत नाही. सगळे थेट नोटिसांवर जातात. कोण गेलं, कुणाचं घर गेलं, कुणाची बायको गेली.

गुरुवारी सकाळी आठला दारावर थाप. ऑरिन लिंगो. शेजारी. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या नासपतीच्या फांद्या कुंपणावरून आमच्याकडे आल्या म्हणून मावशीनं करवत चालवली, तेव्हापासून दोघं कुत्र्यामार्फत बोलायचे. "सांग तुझ्या मालकिणीला, कचऱ्याचा डबा माझ्या हद्दीत आहे!" आज त्याच्या काखेत पेपर होता.

"वर्लीन, हे काय?"

"वाचता येतं ना?"

"लपवून ठेवणार, आणि पेपरात देणार?"

"नियम आहे."

"कुणासाठी? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी करवत पुरली की."

मी दुधात फुर्र केलं. ऑरिन मात्र हसला नाही. टोपी काढून न विचारताच खुर्चीत बसला, आणि नेहमीची खरखर सोडून हळूच म्हणाला, "कोण त्रास देतंय?"

आणि मावशीनं त्याला सांगितलं! आम्हाला दोन वाक्यं, त्याला सगळं. धुतलेला कप पुन्हा धूत, दार हिसकणाऱ्या त्या माणसाच्या अंगठीपर्यंत सगळं. ऑरिननं ऐकून घेतलं.

"सह्या किती झाल्या?"

"तीन."

"कागद आण."

"तू? माझ्याबद्दल चांगलं काय ठाऊक आहे तुला?"

"नऊ वर्षं रोज शिव्या घालतोय तुला. तुला गोळी झाडायचीच असती तर पहिला नंबर माझा होता. हा बघ, जिवंत बसलोय. याहून मोठा दाखला कोर्टाला कोण देणार?"

सही करताना पेन थांबलं. "इथं अब्रूदार लिहिलंय. मी चालेन ना?"

"आजच्यापुरता."

दहाच्या सुमाराला वेड ट्रुइट आला. तिघांतला धाकटा. आता गावच्या आगीच्या बंबावर असतो, सव्वासहा फूट. दारात टोपी चुरगाळत उभा. "मिस वर्लीन, पेपरात वाचलं. माझी सही चालेल का, मॅडम?"

"आधी तोंडातलं च्युइंगगम काढ."

त्यानं निमूटपणे ते हातात काढलं आणि पाचवी सही केली. त्यानंतर आणखी सहा जण आले. त्यांना मावशीनं पीचचा केक खायला घालून परत पाठवलं.

मेअखेर परवाना आला. जूनच्या पहिल्या सोमवारी दलदलीच्या रस्त्यावर मी तिच्या शेजारी होते. चिखलाचा वास थेट नाकात, कारण दोन्ही काचा खाली. मावशी सूर सोडून गात होती.

मेरीलँडात मात्र आमचा परवाना चालत नाही. तिथला अर्ज वेगळा, दोन दिवसांचा वर्ग वेगळा, दहाही बोटांचे ठसे वेगळे. तोवर तिकडे जायच्या दिवशी पिस्तूल घरी, कुलपात. ऑरिन कुंपणाजवळ येऊन म्हणाला, "पोचलीस की फोन कर."

"तू काय माझा नवरा आहेस?"

पण करते. प्रत्येक शेडवरून.

"ऑरिन, पोचले."

"मेली किती?"

"सतरा."

"बरं." खट्.

मेरीलँडचा अर्ज काल तिनं भरायला घेतला. त्यात ओळखीच्या माणसांची नावं विचारली होती. पहिल्या ओळीत तिनं, कुणाला न विचारता, ऑरिन लिंगोचं नाव लिहिलं.